बी नसलेल्या केळ्याचं वाण जपायचं कसं? उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या पेशींची गोष्ट

बाजारातलं केळं मधोमध चिरलं की आत बारीक काळे ठिपके दिसतात. जिथे बी तयार व्हायचं होतं पण झालं नाही, त्या जागेच्या त्या खुणा. खाण्याची केळी बी धरत नाहीत. म्हणून शेतकरी केळीची लागवड मुनव्यांपासून, कंदांपासून किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांपासून करतो.

खाणाऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचं आहे, पण वाण जपणाऱ्यांसाठी हीच मोठी अडचण आहे. नॉर्वेतल्या स्वालबार्डमध्ये २००८ साली सुरू झालेल्या जागतिक बियाणे कोठारात उणे १८ अंश सेल्सिअसला गहू, भात, ज्वारी यांचं बियाणं ठेवता येतं. केळ्याला मात्र तिथे ठेवण्यासारखं बीच नाही. आंबा, फणस, नारळ यांना बी असतं, पण ते वाळवलं की मरतं आणि ओलं गोठवलं तरी मरतं.

अशा पिकांसाठी वेगळा मार्ग आहे. बी सोडून थेट झाडाच्या जिवंत पेशी किंवा कोंबाचं टोक घ्यायचं आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवून द्यायचं. यालाच क्रायोप्रिझर्व्हेशन म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, आणि पेशी गोठवणं खरंच सोपं आहे. काही वर्षांनी ती बाहेर काढल्यावर पुन्हा वाढायला लागली पाहिजे, कसोटी तिथे लागते.

वनस्पती पेशींचं कल्चर म्हणजे काय?

झाडाचा एक बारीक तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि संप्रेरकं असलेल्या माध्यमावर ठेवला, की त्यावर पेशींचा एक ओबडधोबड गोळा वाढतो. त्याला कॅलस म्हणतात. हा कॅलस पातळ माध्यमात टाकून फ्लास्क सतत हलवत ठेवला की पेशी सुट्या होतात किंवा छोट्या पुंजक्यांत तरंगत वाढतात. हे झालं पेशींचं कल्चर.

वनस्पतीच्या पेशीची खासियत अशी, की योग्य परिस्थिती मिळाली तर तिच्यापासून पुन्हा पूर्ण झाड उभं राहू शकतं. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड यांच्या गटाने १९५८ मध्ये गाजराच्या कल्चरमधल्या पेशींपासून रोपं तयार करून हे दाखवलं होतं.

केळीच्या बाबतीत अशा पेशी बऱ्याचदा केळफुलातून मिळवतात. भाजीसाठी केळफूल सोलताना शेवटी जो कोवळा गाभा उरतो, त्यातल्या अगदी लहान नर फुलांच्या कळ्या प्रयोगशाळेत वापरतात. त्यांतल्या थोड्याच कळ्यांपासून हवा तसा, म्हणजे भ्रूण तयार करू शकणारा कॅलस मिळतो. त्यातून चांगलं वाढणारं कल्चर हाती यायला अनेक महिने, कधी वर्षभरही लागतं.

मग ते कल्चर असंच वाढवत का ठेवत नाहीत?

ठेवता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. दर एक-दोन आठवड्यांनी पेशी ताज्या माध्यमात हलवाव्या लागतात. आठवड्याला एकदा म्हटलं तर वर्षाला ५२ वेळा फ्लास्क उघडायचा, आणि प्रत्येक वेळी बुरशी किंवा जिवाणू आत शिरण्याचा धोका पत्करायचा. एसी बंद पडला, शेकर थांबला, माध्यम चुकलं, तर वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाऊ शकते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पेशी वर्षानुवर्षं विभागत राहिल्या की त्यांच्यात बदल साठत जातात. गुणसूत्रांची संख्या बदलते, जनुकांत फेरफार होतात. औषधी द्रव्य बनवणारी पेशी ते बनवणं कमी करते. रोप तयार करण्याची क्षमता असलेली पेशी ती क्षमता गमावते. या बदलांना सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हणतात. टिश्यू कल्चरच्या केळीत मधूनच एखादं खुजं किंवा वेगळ्याच पानांचं झाड निघतं, ते बहुतेकदा यामुळेच.

थोडक्यात, फ्लास्कमधलं कल्चर जिवंत राहिलं तरी ते तेच राहील याची खात्री नसते. गोठवण्यामागचं मुख्य कारण हे आहे.

उणे १९६ अंशच का?

कारण साध्या दाबाला नायट्रोजन त्या तापमानाला उकळतो. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली वस्तू आपोआप त्याच तापमानाला राहते आणि त्यासाठी वीज लागत नाही. फक्त उडून जाणारा नायट्रोजन वेळोवेळी भरत राहावा लागतो. गावातल्या गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या ठेवलेलं जे जाड भांडं असतं, त्यात हेच तत्त्व वापरलेलं असतं.

घरच्या फ्रीजरचे उणे १८ अंश जिवंत पेशींसाठी पुरेसे नाहीत. त्या तापमानाला रासायनिक क्रिया मंदावतात पण चालू राहतात, आणि बर्फाचे स्फटिक हळूहळू मोठे होत राहतात. सुमारे उणे १३५ अंशांच्या खाली पाण्याचे रेणू जागच्या जागी अडकतात. पेशीत काही घडत नाही, ती विभागत नाही आणि बदलतही नाही. म्हणून साठवण त्याच्याही बऱ्याच खाली, द्रव नायट्रोजनमध्ये किंवा त्याच्या थंड वाफेत केली जाते.

खरा शत्रू : पाणी

फ्रीजरमध्ये ठेवलेला टोमॅटो बाहेर काढला की लिबलिबीत होतो आणि त्यातून पाणी गळतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं, आणि पेशीच्या आत तयार झालेले स्फटिक पातळ पडदे फाडतात. वनस्पतीच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत तर पाण्याने भरलेली एक मोठी पोकळी असते. त्यामुळे तिला गोठणं प्राण्यांच्या पेशीहून जास्त जड जातं.

यावरचा पहिला मोठा उपाय अपघाताने सापडला. लंडनमध्ये क्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवण्याचे प्रयोग करत होते. ते फसत होते. मग एका साठवलेल्या बाटलीतल्या द्रावणाने अचानक यश मिळालं. तपासल्यावर कळलं, की त्यात साखर नव्हतीच. लेबलांची अदलाबदल झाली होती आणि बाटलीत ग्लिसरॉल होतं. हे संशोधन १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं. वळूच्या वीर्याची साठवणही पुढे त्यावरच उभी राहिली.

वनस्पतींच्या बाबतीत जपानच्या अकिरा साकाई यांनी तुतीसारख्या झाडांच्या हिवाळ्यातल्या फांद्या आधी हळूहळू थंड करून मग द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्या, तरी त्या जगतात हे दाखवलं. १९६८ मध्ये राल्फ क्वात्रानो यांनी जवसाच्या कल्चरमधल्या पेशी डीएमएसओ नावाच्या रसायनाच्या मदतीने उणे ५० अंशांपर्यंत नेऊन परत मिळवल्या. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये नाग आणि स्ट्रीट यांनी गाजराच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, पुन्हा वितळवून, त्यांच्यापासून भ्रूण तयार केले. गोठलेल्या पेशीत झाड बनण्याची क्षमता शाबूत राहते, हे तेव्हा सिद्ध झालं.

पहिली पद्धत : हळूहळू थंड करणं

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशींच्या संथ गोठवणीतही हेच घडवून आणतात.

१. आधी पेशी निवडतात. ताज्या माध्यमात हलवल्यानंतर काही दिवसांनी, जोमाने विभागत असलेल्या पेशी घेतात. त्या लहान असतात आणि त्यांच्यातली पाण्याची पोकळीही लहान असते.

२. एक ते तीन दिवस या पेशी जास्त साखर किंवा सॉर्बिटॉल, मॅनिटॉल असलेल्या माध्यमात वाढवतात. त्यांचं पाणी थोडं कमी होतं आणि त्या ताण सहन करायला तयार होतात.

३. मग बर्फावर ठेवून त्यांत डीएमएसओ, ग्लिसरॉल, प्रोलीन अशी संरक्षक द्रव्यं मिसळतात. थंडीत मिसळायचं कारण म्हणजे हीच द्रव्यं उबेत पेशींना विषारी ठरतात.

४. एक-दोन मिलिलिटरच्या छोट्या कुप्या भरून त्या मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने उणे ३५ ते ४० अंशांपर्यंत थंड करतात. या काळात बर्फ आधी पेशीच्या बाहेर तयार होतो. बाहेर उरलेलं द्रावण घट्ट होत जातं आणि पेशीतलं पाणी ओढून घेतं.

५. तिथे काही वेळ थांबून कुप्या थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. पेशीत तोवर इतकं कमी पाणी उरलेलं असतं, की घातक बर्फ तयारच होत नाही.

इथे वेगाला फार महत्त्व आहे. फार जलद थंड केलं तर पाणी बाहेर पडायच्या आत गोठतं. फार हळू केलं तर पेशी प्रमाणाबाहेर सुकते. केळीच्या भ्रूणक्षम पेशी गोठवण्याची पद्धत बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठात बार्ट पानिस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली.

दुसरी पद्धत : बर्फाऐवजी काच

साखर दोन रूपांत मिळते. खडीसाखरेत तिचे स्फटिक असतात. चिक्कीचा कडक पाक मात्र काचेसारखा असतो, त्यात स्फटिक नसतात. साखर तीच, पण पाक घट्ट करून पटकन थंड केला तर रेणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही.

पाण्याचंही असं करता येतं. त्याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. १९९० मध्ये साकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेव्हल संत्र्याच्या पेशींवर हा प्रयोग यशस्वी केला. त्यांनी वापरलेलं द्रावण पीव्हीएस-२ या नावाने ओळखलं जातं. त्यात ३० टक्के ग्लिसरॉल, १५ टक्के इथिलिन ग्लायकॉल, १५ टक्के डीएमएसओ आणि साखर असते. या दाट द्रावणात मोजकी मिनिटं ठेवून पेशी थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात. तापमान हळूहळू उतरवणारं महागडं यंत्र लागत नाही.

पुढे याच पद्धतीतून ‘ड्रॉपलेट व्हिट्रिफिकेशन’ निघालं. कोंबाचं बारीक टोक द्रावणाच्या एका थेंबात, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर ठेवायचं आणि पट्टीच नायट्रोजनमध्ये बुडवायची. केळीची वाणं जपण्यासाठी आज ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात.

मात्र इथे घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं. द्रावणात कमी वेळ ठेवलं तर बर्फ होतो, जास्त वेळ ठेवलं तर द्रावणच पेशीला मारतं.

पेशींना परत कसं आणतात?

थंड करताना अनेकदा सावकाशपणा लागतो, वितळवताना मात्र घाई करावी लागते. कुपी नायट्रोजनमधून काढून थेट साधारण ४० अंशांच्या पाण्यात हलवत धरतात. एक-दोन मिनिटांत, बर्फाचा शेवटचा खडा विरघळत आला की लगेच बाहेर काढतात. हळू वितळू दिलं तर वाटेतल्या तापमानांवर काचेचं पुन्हा बर्फात रूपांतर होतं, बारीक स्फटिक मोठे होतात आणि साठवणीत वाचलेल्या पेशी वितळताना मरतात.

यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. पेशींचे पडदे अजून दुबळे असतात. त्यांना लगेच साध्या, पातळ माध्यमात टाकलं तर पाणी वेगाने आत शिरून त्या फुटू शकतात. म्हणून संरक्षक द्रव्यं टप्प्याटप्प्याने, साखरेच्या द्रावणाने कमी करतात. काही कल्चरमध्ये धुणंच टाळतात. पेशी फिल्टर पेपरवर पसरून तो कागद घट्टसर माध्यमावर ठेवतात. नको असलेली रसायनं आणि मेलेल्या पेशींतून झिरपणारी द्रव्यं खाली उतरतात. थोड्या वेळाने कागद पेशींसह उचलून ताज्या माध्यमावर ठेवला की झालं. सुरुवातीचे दिवस अंधारात किंवा मंद उजेडात काढतात.

मग वाट पाहायची. काही दिवस, कधी काही आठवडे प्लेटवर काहीच हलत नाही. पेशी तपकिरी पडल्यासारख्या दिसतात. घाईने प्लेट फेकून दिली तर जिवंत पेशीही कचऱ्यात जातात. वाचलेल्या पेशींना नुकसान दुरुस्त करायला वेळ हवा असतो. त्यानंतर कुठेतरी एक फिकट, ताजा ठिपका दिसतो, तो वाढतो आणि मगच कल्चर पुन्हा पातळ माध्यमात नेतात.

पेशी जगली हे कसं ठरवतात?

झटपट चाचण्या आहेत. एफडीए हे रसायन दिल्यावर जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. टीटीसी दिल्यावर लाल रंग येतो. पण या चाचण्या फसवू शकतात. वितळवल्यावर लगेच चमकणारी पेशी दुसऱ्या दिवशी मरू शकते. म्हणून खरा पुरावा एकच मानला जातो, तो म्हणजे पुन्हा वाढ.

त्यापुढचा प्रश्न, परत आलेली पेशी तीच आहे का? त्यासाठी गुणसूत्रं मोजतात, डीएनए तपासतात, औषधी द्रव्य पूर्वीइतकं तयार होतं का ते पाहतात. रोप तयार करून लावता आलं तर उत्तमच.

चांगल्या बँकेत कुप्या भरल्या म्हणून काम संपत नाही. त्यांतल्या काही लवकरच वितळवून बघतात. त्या वाढल्या तरच बाकीच्या सुरक्षित धरल्या जातात. शिवाय एक संच दुसऱ्या जागी ठेवतात.

हे सगळं कुणाच्या उपयोगाचं?

*केळी पिकवणाऱ्यांच्या.* विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या व्यापारात ग्रो मिशेल या केळ्याचं राज्य होतं. पनामा मर रोगाने त्या बागा संपवल्या आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. जळगावात मोठ्या प्रमाणावर होणारं ग्रँड नैन याच गटातलं. आता टीआर-४ हा मर रोगाच्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवर उठला आहे आणि तो बिहार, उत्तर प्रदेशातही आढळला आहे. त्याच्याशी लढणारं जनुक सापडलं ते रानटी केळीत. ते घालून तयार केलेल्या क्यूकॅव्ह-४ (QCAV-4) या केळीला ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये परवानगी दिली. आज बिनकामाचं वाटणारं वाण उद्या कामाला येऊ शकतं, पण तोवर ते कुठेतरी जिवंत असायला हवं.

यासाठी ल्युव्हेनमध्ये १९८५ पासून केळीच्या वाणांचा जागतिक संग्रह आहे. त्यात दीड हजारांहून जास्त नमुने आहेत. काही नमुने टेस्ट ट्यूबमध्ये १६ अंशांवर संथ वाढवले जातात, आणि मोठा भाग द्रव नायट्रोजनमध्ये आहे. गोठवलेल्यांचा दुसरा संच फ्रान्समध्ये माँपेलिए इथे ठेवतात. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे टिश्यू कल्चर संग्रह आणि क्रायोबँक आहे.

*रुग्णांच्या.* गॉशे या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचं एक औषध गाजराच्या पेशींच्या कल्चरमध्ये तयार होतं. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. कर्करोगावरचं टॅक्सॉल एकेकाळी यू झाडाच्या सालीपासून काढत. आता ते पेशींच्या कल्चरमधूनही मिळतं, त्यासाठी झाड सोलावं लागत नाही. अशा औषधांत प्रत्येक खेप सारखी हवी, म्हणून मूळ पेशींच्या गोठवलेल्या कुप्यांची बँक ठेवतात. ती बँक गेली तर उत्पादनाचा पायाच जातो.

किती काळ टिकतात?

द्रव नायट्रोजनच्या तापमानाला पेशींचं वय वाढत नाही, असं धरलं जातं. दीर्घ काळात नैसर्गिक किरणोत्साराने डीएनएला होणारी किरकोळ इजा साठत राहते, एवढाच धोका उरतो. मुळात वनस्पतींच्या पेशींसाठी हे तंत्रच गेल्या काही दशकांतलं आहे.

निसर्गातलं एक उदाहरण मात्र थक्क करणारं आहे. सायबेरियात कायम गोठलेल्या जमिनीत, ३८ मीटर खोल, खारींनी बिळात साठवलेली फळं सापडली. ती सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीची होती. रशियन शास्त्रज्ञांनी त्या फळांच्या ऊतींपासून टिश्यू कल्चरने रोपं वाढवली, त्यांना फुलं आली, बीही धरलं. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथलं तापमान फक्त उणे ७ अंशांच्या आसपास होतं.

अडचणी काय आहेत?

सर्वांना लागू पडणारी एकच कृती नाही. एका वाणाला मानवणारी वेळ दुसऱ्याला मारक ठरते. एकाच पिकाची काही वाणं सहज परत येतात, काही हट्टी निघतात. त्यामुळे प्रत्येक वाणासाठी नव्याने प्रयोग करावे लागतात, आणि त्यासाठी हात बसलेली माणसं लागतात.

नायट्रोजनची भांडी वेळेवर भरली नाहीत तर सगळा संग्रह जातो. माणसालाही धोका असतो. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायूची जागा घेतो आणि त्याला वास नसल्याने कळतही नाही. कुपीत नायट्रोजन शिरला असेल तर उबेत ती फुटू शकते. म्हणून प्राणवायू मोजणारा अलार्म, चेहऱ्यावर ढाल आणि जाड हातमोजे हवेतच.

आणि जे गोळाच केलं नाही ते गोठवताही येत नाही. वसईची सुकेळी ज्या राजेळी केळ्यापासून बनते, तशी स्थानिक वाणं परसातून आणि वाड्यांमधून कमी होत गेली, तर त्यांना मागे बी नसतं. नंतर आठवण झाली तरी पेशी घेणार कुठून? म्हणून साठवणीचं काम नायट्रोजनच्या भांड्यापाशी सुरू होत नाही. ज्याच्या वाडीत ते झाड अजून उभं आहे, त्याच्यापासून ते सुरू होतं.